माहितीपट नेमका कुणाचा? डिजिटल माध्यमे आणि मानवशास्त्रीय चित्रपटांचे कर्तेपण

मानवशास्त्रज्ञ एखाद्या समाजात दीर्घकाळ राहून तिथल्या जगण्याचा जो अभ्यास करतात, तो बहुतांशी शब्दांत मांडला जातो. पण हातांची सफाईदार हालचाल, बोलता बोलता वळलेली नजर, दोन माणसांनी एकमेकांपासून राखलेले अंतर यांसारख्या गोष्टी शब्दांत पुरत्या येत नाहीत. त्या कॅमेऱ्याने टिपून त्यांच्यावर विचार करणारी शाखा म्हणजे दृश्य मानवशास्त्र. या शाखेतून तयार होणाऱ्या माहितीपटांपुढे पहिल्या दिवसापासून एक अवघड प्रश्न उभा आहे. पडद्यावर आयुष्य दिसते एकाचे आणि श्रेयनामावलीत नाव असते दुसऱ्याचे. मग त्या चित्रपटाचा कर्ता कोणाला म्हणायचे?

डिजिटल माध्यमांनी हा प्रश्न सोडवला, असे बऱ्याचदा सांगितले जाते. कॅमेरा स्वस्त झाला, खिशात मावू लागला, ज्यांचे चित्रीकरण होत असे तेच आता चित्रीकरण करू लागले, म्हणजे कर्तेपणही त्यांच्याकडे गेले, असा तो युक्तिवाद असतो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, हा कर्तेपणाचा केवळ एक भाग आहे. टिपलेल्यातले काय ठेवायचे, त्याला नाव काय द्यायचे, त्याचा अर्थ कोणी सांगायचा आणि ते कोणाला दाखवायचे, हे निर्णय दुसऱ्या भागात येतात, आणि डिजिटल काळात कर्तेपणाचे वजन याच दुसऱ्या भागाकडे सरकले आहे. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर १८९८ साली केंब्रिज विद्यापीठाची एक अभ्यासमोहीम गेली होती. तिचे प्रमुख आल्फ्रेड कोर्ट हॅडन यांनी सोबत चित्रपटाचा कॅमेरा नेला होता आणि त्यांनी टिपलेली काही मिनिटांची दृश्ये आजही उपलब्ध आहेत. त्यांपैकी एका दृश्यात मेर बेटावरचे पुरुष मुखवटे घालून एका जुन्या विधीतले नृत्य करताना दिसतात. मूळ मुखवटे मिशनऱ्यांच्या काळात नष्ट झालेले असल्यामुळे चित्रीकरणासाठी तिथल्या माणसांनी ते पुठ्ठ्याचे बनवले होते. कॅमेऱ्याचे हँडल फिरवणारा हॅडन आणि आठवणीतून मुखवटा घडवून पुन्हा नाचणारे ते पुरुष, या दोघांचीही त्या दृश्यात कर्त्याची भूमिका आहे. पण ते ओळखले जाते हॅडन यांच्या नावाने.

कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोकांवरच्या, रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९२२ सालच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या चित्रपटात हीच गोष्ट आणखी ठळकपणे दिसते. त्यातल्या नायकाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक होते आणि पडद्यावरचे त्याचे कुटुंब चित्रपटासाठी जुळवलेले होते. बर्फाच्या घरात चित्रीकरणापुरता उजेड पोहोचत नाही, म्हणून एक बाजू उघडी ठेवलेले घर मुद्दाम बांधावे लागले. इनुइट सहकाऱ्यांनी त्यात केवळ अभिनय केला नाही. शिकारीचे प्रसंग आखण्यात, यंत्रे दुरुस्त करण्यात आणि फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. इतके असूनही चित्रपट ‘फ्लाहर्टींचा’ ठरला, कारण त्या काळात भांडवल, यंत्र आणि संकलनाची खोली ज्याच्या ताब्यात असेल तोच कर्ता, असे समीकरण होते.

या समीकरणाला तांत्रिक आधारही होता. १६ मिलिमीटर फिल्मचे १०० फुटी रीळ जेमतेम पावणेतीन मिनिटे चालते, आणि चावीचा कॅमेरा एका चावीत सुमारे अर्धा मिनिटच चालत असे. त्यामुळे कळ केव्हा दाबायची आणि केव्हा सोडायची, हा फार महागडा निर्णय होता आणि तो घेणाऱ्याची नजर प्रत्येक दृश्यावर उमटत असे. चित्रीकरणाचा क्षण हाच कर्तेपणाचा क्षण होता.

या रचनेला आतून धक्का दिला तो फ्रेंच मानवशास्त्रज्ञ झाँ रूश यांनी, आणि तोही डिजिटल तंत्राच्या कितीतरी आधी. नायजर नदीवर सोर्को मच्छीमार पाणघोड्याची शिकार कशी करतात, यावर त्यांनी एक माहितीपट केला होता. १९५४ साली त्यांनी तो अयोरू गावात परत नेला आणि ज्यांचे चित्रीकरण केले होते त्यांनाच तिथे पडद्यावर दाखवला. शिकारीच्या दृश्यांना रूश यांनी शिकाऱ्यांना चेव आणणाऱ्या पारंपरिक संगीताची जोड दिली होती. गावकऱ्यांनी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग त्यांनी आक्षेप घेतला: शिकार करताना पूर्ण शांतता पाळावी लागते, कारण पाण्याखालच्या पाणघोड्याला आवाज ऐकू येतो आणि तो निसटतो. रूश यांनी ते संगीत काढून टाकले. या घटनेकडे ते ‘सामायिक मानवशास्त्रा’ची सुरुवात म्हणून पाहत. चित्रित झालेला माणूस आता पहिला प्रेक्षक, पहिला टीकाकार आणि काही अंशी संकलकही झाला होता. रूश यांचे नायजरमधले सहकारी दामुरे झिका पुढे त्यांच्या अनेक चित्रपटांत अभिनेते आणि सहनिर्माते म्हणून काम करत राहिले. मात्र काय बदलायचे, याचा अंतिम शब्द रूश यांचाच असे, हेही नोंदवायला हवे.

कॅमेरा प्रत्यक्ष हातात देण्याचा प्रयोगही डिजिटलपूर्वच आहे. १९६६ साली सॉल वर्थ आणि जॉन अडेअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात नावाहो समाजातल्या काही जणांना १६ मिलिमीटरचा कॅमेरा चालवायला शिकवले आणि विषय त्यांचे त्यांना निवडू दिले. तयार झालेल्या लघुपटांत विणकामावरचाही एक होता. बाहेरचा दिग्दर्शक मागावर आणि तयार वस्त्रावर भर देईल. इथे मात्र लोकर, वनस्पती आणि रंग गोळा करण्यासाठी केलेल्या चालण्यालाच मोठी जागा मिळाली होती. इतर लघुपटांतही चालणे भरपूर होते आणि चेहऱ्यांची अगदी जवळून घेतलेली दृश्ये मोजकीच. हा फरक केवळ नवखेपणाचा नव्हता, तर कशाला ‘काम’ म्हणायचे आणि माणसाकडे किती रोखून पाहायचे, याविषयीच्या त्यांच्या धारणेतून तो आला होता, असा निष्कर्ष त्या दोघांनी काढला. पुढे व्हिडिओ आल्यावर १९८० च्या दशकापासून ब्राझीलमधल्या कायापो समाजाने सरकारी अधिकाऱ्यांची आश्वासने आणि स्वतःचे विधी स्वतःच्या कॅमेऱ्यांनी टिपायला सुरुवात केली. म्हणजे ‘कॅमेरा समाजाच्या हाती’ ही डिजिटल तंत्राची देणगी नाही. डिजिटल तंत्राने तिचा विस्तार केला, एवढेच.

मग डिजिटल तंत्राने स्वतःचे असे काय आणले? माझ्या दृष्टीने याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण म्हणजे ‘द ॲक्स फाइट’ या चित्रपटाचे दुसरे आयुष्य. २८ फेब्रुवारी १९७१ रोजी व्हेनेझुएलातल्या यानोमामो या आदिवासी समाजाच्या एका गावात अचानक मारामारी उसळली. चित्रपटकार टिमोथी ॲश आणि मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन तिथे नुकतेच पोहोचले होते आणि त्यांनी रिळात जेवढे मावले तेवढे, म्हणजे सुमारे १० मिनिटे, चित्रित केले. १९७५ साली पूर्ण झालेल्या चित्रपटाची रचना असाधारण आहे. आधी ते चित्रीकरण जवळजवळ जसेच्या तसे दिसते: दूरून घेतलेले, गोंधळलेले, कोण कोणाला का मारतो आहे ते न कळणारे. मग पडदा काळा होतो आणि दोघांचे त्या वेळचे बोलणे ऐकू येते. निषिद्ध नात्यातल्या संबंधांवरून भांडण पेटले, असे शॅग्नन यांना कोणीतरी सांगितलेले असते. त्यानंतर तीच दृश्ये संथ गतीने, बाण दाखवून, व्यक्ती ओळखून पुन्हा समोर येतात आणि पहिले स्पष्टीकरण चुकीचे होते हे कळते. भांडणाची मुळे नातेगटांमधल्या जुन्या तणावात होती. पुढे नातेसंबंधांचे तक्ते येतात आणि शेवटी तीच घटना नेटक्या, वाहत्या संकलनात दाखवली जाते. शेवटचा भाग पाहताना प्रेक्षकाच्या लक्षात येते की गुळगुळीत संकलनाने गोंधळ किती सहज लपवता येतो. कर्त्याने आपले कर्तेपण इतके उघडे करून दाखवल्याची उदाहरणे विरळाच.

१९९७ साली पीटर बिएला, शॅग्नन आणि गॅरी सीमन यांनी या चित्रपटाची संवादी सीडी-रॉम आवृत्ती काढली. आता दृश्य कुठेही थांबवता येत होते, पडद्यावरची व्यक्ती कोण ते शोधता येत होते, तिची माहिती आणि वंशावळ उघडता येत होती, आणि ती नोंद वाचून पुन्हा त्याच क्षणाकडे वळता येत होते. चित्रपट एका ठरावीक क्रमाने पाहण्याची सक्ती संपली. कोणत्या क्रमाने पाहायचे आणि कशाचा कशाशी संबंध जोडायचा, हे प्रेक्षक ठरवू लागला, म्हणजे संकलकाच्या अधिकाराचा एक हिस्सा त्याच्याकडे आला. मात्र या मोकळेपणाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. प्रेक्षक ज्या नोंदींमधून वाट काढतो, त्या सगळ्या संशोधकाच्या माहितीसंग्रहातून आलेल्या असतात. ज्या स्त्री-पुरुषांच्या नावावर टिचकी मारली की त्यांचे चरित्र उघडते, त्यांना त्या चरित्रात काय लिहावे हे कोणी विचारलेले नाही. संवादी माध्यमांविषयी बोलताना ही गोष्ट वारंवार निसटते: कर्तेपण वाटले गेले खरे, पण ते दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांच्यात, चित्रित माणूस होता तिथेच राहिला.

याच सुमारास चित्रीकरणाची पद्धतही बदलू लागली होती. मानवशास्त्रीय चित्रपटकार डेव्हिड मॅकडुगल यांनी आधीच्या अनेक चित्रपटांचे काम पत्नी ज्युडिथ यांच्यासोबत केले होते. १९९७ पासून देहरादूनच्या दून स्कूलमध्ये चित्रीकरण करताना मात्र त्यांच्या हाती लहान डिजिटल कॅमेरा होता आणि ते बहुतेक काम एकट्याने करत. त्यातून पाच चित्रपटांची मालिका तयार झाली. रीळ संपण्याची धास्ती नसल्यामुळे मुलांचे वाद, कंटाळा आणि घरची ओढ त्यांना धीराने टिपता आली. चमू आकसला तसे कर्तेपण एकवटले. डिजिटल तंत्र नेहमी विकेंद्रीकरणच घडवते, या समजुतीला छेद देणारे हे उदाहरण आहे.

उलट टोकाला हार्वर्ड विद्यापीठाच्या सेन्सरी एथ्नोग्राफी लॅबमधून आलेला, लुसिअन कास्टेंग-टेलर आणि व्हेरेना पॅराव्हेल यांचा २०१२ सालचा ‘लेव्हायथन’ आहे. उत्तर अटलांटिकमधल्या मासेमारी जहाजावर त्यांनी छोटे गोप्रो कॅमेरे मच्छीमारांच्या अंगावर लावले, काठ्यांना बांधून पाण्यात बुडवले, मेलेल्या माशांच्या ढिगाऱ्यात फिरू दिले. कित्येक दृश्ये कोणाच्याही नजरेने निवडलेली नाहीत, कारण त्या क्षणी दृश्यदर्शकातून कोणी पाहतच नव्हते. निवेदन नाही, मुलाखती नाहीत आणि श्रेयनामावलीत माशांची आणि पक्ष्यांची लॅटिन नावेसुद्धा आहेत. त्यामुळे इथे माणसाचे कर्तेपण संपले, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. कॅमेरा जेव्हा आपोआप आणि अमर्याद टिपतो, तेव्हा हाती येणारा साठा प्रचंड असतो आणि त्यातले फार थोडे पडद्यावर पोहोचते. ती निवड दोन ओळखीची माणसेच करतात. कर्तेपण इथे नाहीसे झालेले नाही, ते कॅमेऱ्याच्या मागून उठून संकलनाच्या टेबलापाशी जाऊन बसले आहे.

समाज स्वतःच निर्माता होतो, तेव्हा चित्र आणखी वेगळे होते. कॅनडाच्या इग्लूलिक इथल्या इसुमा या संस्थेने इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत आणि डिजिटल व्हिडिओवर ‘अतानार्जुआत’ हा चित्रपट केला, आणि २००१ साली कान महोत्सवात त्याला पदार्पणातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा ‘कामेरा द'ऑर’ पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक झॅकरायस कुनुक असले, तरी पटकथेचा पाया वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आख्यायिकेच्या अनेक कथनांवर घातलेला होता. २००८ साली इसुमाने स्वतःचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले आणि जिथे इंटरनेट फार मंद होते, अशा वस्त्यांमध्ये स्थानिक साठवणयंत्रे बसवून चित्रपट पोहोचवले. मला हा तपशील पुरस्काराइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपला चित्रपट आपल्याच माणसांना पाहता यावा, यासाठी वितरणाचे यंत्र स्वतःच्या ताब्यात ठेवणे हादेखील कर्तेपणाचाच भाग आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातला कॅराबिंग चित्रपट गट तर बराचसा फोनवर चित्रीकरण करतो. त्यात अनेक पिढ्यांचे आदिवासी सदस्य आहेत, मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ पोव्हिनेली याही गटाच्या सदस्य आहेत, आणि चित्रपट गटाच्या नावाने प्रसिद्ध होतात.

कायद्याला अशी सामूहिक नावे हाताळणे जड जाते. युरोपीय संघात मुख्य दिग्दर्शक हा चित्रपटाचा कर्ता किंवा कर्त्यांपैकी एक मानला जातो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तो मान निर्मात्याला आहे. ज्याचे घर, बोली आणि दुःख चौकटीत आहे, त्याला दोन्हीकडे केवळ चौकटीत असल्यामुळे असे कोणतेही स्थान मिळत नाही.

आता चित्रपट पूर्ण झाल्यानंतरच्या टप्प्याकडे वळू, कारण खरी उलथापालथ तिथे झाली आहे. पूर्वी माहितीपट विद्यापीठाच्या ग्रंथालयात, महोत्सवात किंवा वर्गात दाखवला जाई आणि बहुधा तो पूर्ण पाहिला जाई. आज त्याचे तुकडे होतात. दीड तासाच्या चित्रपटातला ४० सेकंदांचा विधी वेगळा काढला जातो, त्याला भडक शीर्षक दिले जाते, त्याखाली यंत्राने केलेली उपशीर्षके येतात, आणि तो कोणाला कोणत्या व्हिडिओनंतर दिसावा हे शिफारस करणारी प्रणाली ठरवते. या प्रत्येक कृतीने अर्थ बदलतो, म्हणजे ती प्रत्येक कृती कर्त्याची आहे. पण तिची जबाबदारी घेणारे नाव कुठेच नसते. उपशीर्षकांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ज्या भाषांचे लिखित साहित्य इंटरनेटवर थोडे आहे, त्यांचे भाषांतर यंत्र एकतर करतच नाही किंवा चुकीचे करते, आणि मानवशास्त्रीय चित्रपटांत बहुधा याच भाषा ऐकू येतात. वृद्ध स्त्री काय म्हणाली, ते पडद्यावर कोणी लिहायचे हा प्रश्न एरवी दिग्दर्शक तिच्यासोबत किंवा तिच्या नातवंडांसोबत बसून सोडवत असे.

काही समाजांनी यावर स्वतःची उत्तरे शोधली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगु या आदिवासी समाजासोबत संशोधक किंबर्ली क्रिस्टन यांनी २००७ साली ‘मुकुर्तु’ नावाचा डिजिटल संग्रह उभा केला. तिथे छायाचित्र किंवा ध्वनिफीत सर्वांना सरसकट खुली नसते. पाहणाऱ्याचे कूळ कोणते, तो पुरुष आहे की ती स्त्री, त्या जागेशी आणि त्या विधीशी त्याचे नाते काय, यांवरून त्याला काय दिसेल हे ठरते. मृत व्यक्तीचे चित्र दाखवणे तिथल्या रीतीनुसार निषिद्ध ठरू शकते, म्हणून तशी सूचना आधी येते किंवा चित्र झाकले जाते. एकाच वस्तूखाली संग्रहालयाची नोंद आणि कुटुंबाने सांगितलेली हकीकत शेजारी शेजारी राहू शकतात. पुढे ही प्रणाली इतर समाजांसाठीही मोफत उपलब्ध करण्यात आली. सर्व काही सर्वांना खुले असणे हाच डिजिटल आदर्श, असे मानणाऱ्यांना हे निर्बंध खटकतात. पण कोणते ज्ञान कोणापुढे उघडायचे, हे ठरवणे त्या समाजात ज्ञानाच्या जपणुकीचाच भाग असते. बाहेरच्या संशोधकाने ते एकदा उघडे केले, तेव्हा त्याने फक्त नोंद केली नाही, तर दुसऱ्याचा निर्णय स्वतः घेतला.

जुन्या नोंदींचेही असेच पुनर्लेखन चालू आहे. अमेरिकी संशोधक जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १८९० साली मेन राज्यात पासामाक्वॉडी समाजातली गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या होत्या. हे आवाजाचे उदाहरण असले, तरी चित्रफितींनाही ते तंतोतंत लागू पडते. शंभराहून अधिक वर्षे त्या नोंदींची ओळख संग्राहकाच्या नावाने राहिली. २०१८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांचे डिजिटल रूप प्रसिद्ध केले, तेव्हा समाजातल्या जाणकारांनी स्वतःच्या भाषेत दिलेली शीर्षके आणि स्पष्टीकरणे त्यात आली. सोबत ‘पारंपरिक ज्ञानाच्या पट्ट्या’ही लावल्या गेल्या: श्रेय कसे द्यावे, व्यापारी वापर का करू नये, हे त्या पट्ट्या सांगतात. अशा पट्ट्यांची कल्पना जेन अँडरसन आणि किंबर्ली क्रिस्टन यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमातून पुढे आली.

या पट्ट्या विनंती करतात, अडवू शकत नाहीत. संग्रहाच्या पानावर त्या दिसतात, पण फाइल उतरवून दुसरीकडे चढवली की बहुधा मागेच राहतात. चित्रे निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी हा पेच आणखी आवळला आहे. इंटरनेटवरून गोळा केलेल्या असंख्य प्रतिमांवर त्या शिकवल्या जातात आणि मग कधीच न झालेला विधी, कधीच नसलेला चेहरा खराखुरा वाटेल असा उभा करू शकतात. चित्रीकरणाला संमती देणाऱ्या माणसाने एका चित्रपटासाठी संमती दिलेली होती. त्याच्या चेहऱ्यातून शेकडो खोटे चेहरे शिकले जातील, याला तो हो म्हणालेला नाही. म्हणून संमती एकदाच कागदावर सही घेऊन न संपवता, नव्या वापराच्या वेळी ती पुन्हा मागावी, मूळ चित्रीकरणाची प्रत समाजाकडे राहावी आणि एखादे दृश्य मागे घेण्याचा हक्क करारातच लिहावा, अशी मागणी आता होते आहे. संशोधक आणि समाज यांच्यात असा करार करता येतो. ज्याने चित्र टिपलेले नाही, पाहिलेले नाही, फक्त गोळा केले आहे, त्या प्रणालीच्या मालकाला या करारात कसे आणायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही.